प्रायमरीत मागे असलेला उमेदवार तोलायचा कसा?

प्रश्न असा आला आहे: न्यू जर्सीतल्या एडिसन परिसरातल्या काही मराठी मंडळींना डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उतरलेल्या एका नवख्या उमेदवाराचं काम करायचंय. पोलमध्ये तो बराच मागे आहे, काउंटीतले, म्हणजे जिल्ह्यातले, पक्षनेते प्रतिस्पर्ध्याच्या पाठीशी आहेत. पण सभांना तरुणांची गर्दी होते आणि कार्यकर्ते जिवाचं रान करताहेत. त्याची ताकद किती आणि लंगडी बाजू कोणती हे ओळखायचं कसं, आणि २०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांचं झालं तेच याचंही होईल का, असं त्यांनी विचारलंय.

मी बरीच वर्षं न्यू जर्सी आणि पेनसिल्वेनियात प्रचाराचं फील्डचं काम बघतो: मतदारयाद्या, घरोघरी फिरणारे गट, फोन, मतदानाच्या दिवशीची धावपळ. मागे असलेल्या उमेदवारासाठी राबायला मला मनापासून आवडतं, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल स्वतःची खोटी समजूत काढणं मला पटत नाही. ‘आपला माणूस चांगला आहे, लोकांपर्यंत पोचला की झालं’ हे वाक्य प्रत्येक मोहिमेत कानावर येतं. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: ज्यांना तो आवडतो, ते या प्रायमरीचे मतदार आहेत का?

आपल्याकडे तिकीट दिल्लीहून नाहीतर मुंबईहून येतं. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने लातूर, वर्धा अशा मोजक्या मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग केला होता, पण तिथेही मत होतं ते पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि निवडक सदस्यांना. अमेरिकेत साधा मतदार पक्षाचा उमेदवार ठरवतो. मात्र त्यातल्या कोणाला मत देता येतं आणि ते मोजायचं कसं, हे राज्याराज्यात बदलतं. मागे असलेल्या उमेदवाराची निम्मी कहाणी या नियमांतच दडलेली असते.

सँडर्स यांचं उदाहरण नीट बघू, कारण त्यात बहुतेक सगळं सापडतं. एप्रिल २०१५ च्या अखेरीस त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारी जाहीर केली तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. व्हरमाँटसारख्या छोट्या राज्याचे सिनेटर, तेही अपक्ष म्हणून निवडून आलेले. ज्या पक्षाची उमेदवारी मागत होते त्या पक्षात त्यांनी हयात घालवलेली नव्हती. समोर हिलरी क्लिंटन. सिनेटमधले बहुतेक डेमोक्रॅट त्यांच्या मागे उभे होते. सँडर्स यांना अख्ख्या सिनेटमधून एकच पाठिंबा मिळाला, ओरेगनच्या जेफ मर्कली यांचा, आणि तोही एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे निम्म्याहून जास्त राज्यांचं मतदान आटोपल्यावर.

तरीही हा माणूस शेवटपर्यंत टिकला, तो दोन गोष्टींच्या जोरावर. एक, त्यांचं म्हणणं. मूठभर श्रीमंतांच्या हातात एकवटलेली संपत्ती, महागडं कॉलेज शिक्षण, सगळ्यांना आरोग्यसेवा. कित्येक वर्षं ते हेच बोलत आले होते, त्यामुळे ‘निवडणुकीपुरता रंग बदलला’ असं कोणाला म्हणता येईना. दुसरी गोष्ट पैसा, आणि इथे जरा थांबायला हवं. सरासरी २७ डॉलरची देणगी ही नुसती भावनिक गोष्ट नव्हती. त्या वेळी एका व्यक्तीला प्रायमरीसाठी जास्तीत जास्त २,७०० डॉलर देता येत. बडा देणगीदार एका चेकमध्ये ती मर्यादा गाठतो आणि संपतो. २७ डॉलर देणारा पुढच्या महिन्यात पुन्हा देतो, हरल्यावर चिडून देतो, जिंकल्यावर आनंदाने देतो. म्हणून सँडर्स यांची मोहीम एका पराभवाने बसली नाही. तुमच्या उमेदवाराचा हिशेब बघाल तेव्हा एकूण रकमेआधी देणगीदार किती आहेत आणि त्यातले किती जण दुसऱ्यांदा देताहेत ते बघा.

आता ती ताकद मतांत कशी उतरली ते पाहू. १ फेब्रुवारी २०१६, आयोवा. तिथे तेव्हा मतपत्रिका नव्हती, कॉकस होता. संध्याकाळी सात वाजता शाळेच्या जिममध्ये नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये शेजारीपाजारी जमायचे. एका उमेदवाराचे लोक या कोपऱ्यात, दुसऱ्याचे त्या कोपऱ्यात. डोकी मोजायची. ज्याच्या गटात ठरावीक प्रमाणात माणसं नाहीत, बहुतेक ठिकाणी १५ टक्के, तो गट मोडायचा आणि त्यातल्यांना ओढायला दोन्हीकडचे लोक धावायचे. तास-दीड तास सहज जायचा. रात्रपाळीवाल्याने, तान्हं मूल घरी असलेल्या आईने, काठी टेकत चालणाऱ्या आजोबांनी तिथे यायचं कसं? जो तरुण आपल्या उमेदवारासाठी पेटलेला आहे तो मात्र मित्रांना घेऊन हजर. तिशीच्या आतल्यांत सँडर्स यांना ८४ टक्के पाठिंबा होता. निकाल लागला तो क्लिंटन ४९.८, सँडर्स ४९.६.

कॉकस ही त्यांना मानवणारी पद्धत होती, आणि ही ताकद पद्धतीची होती की मतदारांची, याची जवळजवळ परीक्षाच वॉशिंग्टन राज्यात झाली. २६ मार्चच्या कॉकसमध्ये सँडर्स यांनी ७२ टक्क्यांच्या वर मजल मारली आणि १०१ पैकी ७४ डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, घेतले. सुमारे २ लाख ३० हजार लोक आले होते. त्याच राज्यात मे महिन्यात टपालाने प्रायमरीही झाली. ती डेलिगेटसाठी धरली जाणार नव्हती, कोणी तिथे जोर लावला नव्हता, तरी ८ लाखांवर लोकांनी मत दिलं आणि त्यात क्लिंटन पुढे राहिल्या. राज्य तेच आणि उमेदवारही तेच, फक्त दार रुंद झालं. सँडर्स यांच्या चाहत्यांची निष्ठा खरीच होती, पण निष्ठेची खोली आणि पाठिंब्याची रुंदी ही दोन वेगळी मापं आहेत. तुमच्या सभेतली गर्दी तुम्हाला खोली सांगते. रुंदीबद्दल ती काहीच सांगत नाही.

न्यूयॉर्कने तिसरीच अडचण दाखवली. १९ एप्रिलची ती प्रायमरी फक्त पक्षात नोंदलेल्या मतदारांसाठी होती, आणि आधीपासून नोंदलेल्या मतदाराला पक्ष बदलायचा असेल तर मुदत होती ९ ऑक्टोबर २०१५, म्हणजे सहा महिन्यांहून आधी. सँडर्स यांना मानणारे कितीतरी अपक्ष मतदार वसंतात जागे झाले, तोवर दार बंद झालं होतं. त्याच मुदतीपायी रिपब्लिकन बाजूला डॉनल्ड ट्रंप यांच्या मुलांना, इव्हांका आणि एरिक यांना, स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही. हे मी प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला सांगतो, कारण नोंदणीची तारीख हा विषय कोणालाच आकर्षक वाटत नाही.

पण सँडर्स हरले ते मुख्यतः नियमांमुळे, असं मी मानत नाही. ते दक्षिणेत हरले. २७ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात क्लिंटन ७३, सँडर्स २६. मतदारांत सुमारे साठ टक्के कृष्णवर्णीय होते आणि एक्झिट पोलनुसार त्यांच्यात क्लिंटन यांना ८६ टक्के मतं पडली. तीन दिवसांनी टेक्सासमध्ये डेलिगेट १४७ विरुद्ध ७५. ही दरी पुढे कधी भरलीच नाही.

इथे नेमकं काय कमी पडलं ते समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. मतदार उमेदवारापासून तीन कारणांनी लांब असतो. पहिलं कारण, त्याने नावच ऐकलेलं नाही. दुसरं, नाव ऐकलंय आणि माणूस नको आहे. तिसरं, माणूस बरा वाटतो, पण समोरच्यावर जास्त भरवसा आहे. पहिल्यावर पैसा आणि वेळ हा उपाय आहे. दुसऱ्यावर बहुतेक वेळा उपायच नसतो. तिसरं सगळ्यात फसवं, कारण दारावर तो मतदार तुमच्याशी छान बोलतो, पत्रक घेतो, हसून निरोप देतो. साउथ कॅरोलायनातल्या वयस्क कृष्णवर्णीय बायका, ज्या एकही निवडणूक चुकवत नाहीत आणि ज्यांच्यावर तिथला पक्ष उभा आहे, त्यांतल्या बहुतेकींना सँडर्स यांचं वावडं नव्हतं. पण क्लिंटन कुटुंबाला त्या दोन तपांहून जास्त काळ ओळखत होत्या, आणि सँडर्स ज्या राज्यातून आले तिथे कृष्णवर्णीय वस्ती नाममात्र. न्यू हॅम्पशर जिंकल्यापासून साउथ कॅरोलायनाच्या मतदानापर्यंत हातात १८ दिवस होते. एवढ्यात ओळख होते, भरवसा बसत नाही.

बराक ओबामा यांच्यापुढे त्याच्या आठ वर्षं आधी हेच मतदार होते. २००७ मध्ये त्यांच्यापैकीही अनेक जण क्लिंटन यांच्याच बाजूला होते, कारण गोरे लोक या माणसाला मत देतील यावर विश्वास नव्हता. ३ जानेवारी २००८ ला आयोवासारख्या गोऱ्या राज्यात ओबामा जिंकले आणि ती शंका गेली. साउथ कॅरोलायनात त्यांना ५५ टक्के मिळाले, क्लिंटन यांना २७. म्हणजे तिसऱ्या कारणाची गाठही सुटते, पण तिथे नेमकी शंका काय आहे हे ओळखून तिला उत्तर देणारी घटना घडावी लागते. जाहिराती वाढवून ती सुटत नाही.

डेलिगेटचं गणितही याच निवडणुकांतून शिकावं. ८ मार्च २०१६ ला मिशिगनमध्ये क्लिंटन सरासरी वीसेक अंकांनी पुढे असल्याचं पोल सांगत होते आणि सँडर्स जिंकले. त्या रात्री टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. हिशेब मात्र असा होता: मिशिगनमध्ये सँडर्स ६७, क्लिंटन ६३. त्याच दिवशी मिसिसिपीत क्लिंटन ३१, सँडर्स ५. एवढा गाजलेला विजय मिळवूनही सँडर्स त्या दिवसात २२ डेलिगेटनी आणखी मागे गेले. उलट ओबामांच्या मोहिमेने ही वाटणी आधीच ओळखली होती. ५ फेब्रुवारी २००८ ला आपल्या न्यू जर्सीत क्लिंटन यांनी १०७ पैकी ५९ घेतले, म्हणजे ११ ची आघाडी. त्याच रात्री छोट्याशा आयडाहोत ओबामांनी १८ पैकी १५ घेतले आणि १२ ची आघाडी कमावली. तुमची निवडणूक एका जागेची आहे, तिथे डेलिगेट नाहीत. पण ‘कुठे जिंकतो’ याच्या आधी ‘कुठे किती फरकाने हरतो’ हे बघायची सवय तिथेही लागते. ज्या गावात तुमचा उमेदवार हरणारच आहे तिथे २० टक्क्यांऐवजी ३५ टक्के मिळाले, तर निकाल फिरू शकतो.

ताकद कधीकधी दिसतच नाही, हेही सांगायला हवं. २०२० मध्ये जो बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आले. पैसा आटत चालला होता, सभांना माणसं नव्हती. फक्त उत्साह मोजणाऱ्याने त्यांना तेव्हाच बाद केलं असतं. पण साउथ कॅरोलायनातले तेच वयस्क मतदार त्यांच्याशी बांधलेले होते. तिथले ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी २६ फेब्रुवारीला पाठिंबा दिला, तीन दिवसांनी बायडन यांना ४८ टक्क्यांवर मतं पडली, पीट बुटिजज आणि एमी क्लोबुचर या प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतली आणि ३ मार्चला १४ पैकी १० राज्यं बायडन यांनी घेतली. सँडर्स यांची २०२० मधली सुरुवातीची आघाडी विरोधकांच्या फाटाफुटीवर उभी होती. ती फूट मिटल्यावर त्यांचा पाठिंबा होता तेवढाच राहिला.

म्हणून रिंगणात किती जण आहेत, हे आधी मोजा. आपले बेळगावचे श्री ठाणेदार यांची उमेदवारी मी याच नजरेने बघतो. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत त्यांनी स्वतःचा भरपूर पैसा ओतला, टीव्हीवर सगळ्यांच्या आधी दिसले, नाव घरोघरी पोचलं. तिघांत ते तिसरे आले, १८ टक्क्यांच्या आसपास. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या काँग्रेस (अमेरिकी संसद) मतदारसंघात नऊ जण उभे होते आणि तिथे साधारण २८ टक्के मतांवर ते जिंकले. नऊ जणांच्या रिंगणात कट्टर समर्थकांचा छोटा गट पुरतो. दोघांच्या लढतीत तुम्हाला निम्म्याहून जास्त लागतात, आणि तिथे ‘दुसरी पसंती’ असण्याला काही किंमत नाही.

न्यूयॉर्क शहरात मात्र तिला किंमत आहे, कारण तिथल्या महापौरपदाच्या प्रायमरीत पसंतीक्रम लावता येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलमध्ये १ टक्क्यावर दिसणारे जोहरान ममदानी जूनमध्ये माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्यापुढे निघाले, ते पहिल्याच फेरीत ४३ टक्क्यांवर. दुसरे एक उमेदवार ब्रॅड लँडर आणि त्यांनी एकमेकांना दुसरी पसंती देण्याचं आवाहन केलं होतं आणि अंतिम मोजणीत ५६ टक्के झाले. भाडं गोठवणं, मोफत बस, मुलांचं संगोपन हे त्यांचे मुद्दे कार्यकर्त्याला एका दमात सांगता येत होते. शिवाय शहराचा निधी लहान देणगीमागे आठपट रक्कम देतो, त्यामुळे मार्चमध्येच त्यांची खर्चाची मर्यादा भरत आली आणि त्यांनी लोकांना ‘आता पैसे नकोत, वेळ द्या’ असं सांगितलं. उणीव त्यांचीही होती: शहराचा ब्राँक्स भाग कुओमोंकडे गेला आणि कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या भागांत कुओमो पुढे राहिले. पण ती कमतरता भरून काढण्याइतके नवे मतदार त्यांनी दुसरीकडे उभे केले, त्यात क्वीन्समधले दक्षिण आशियाई मतदार आले. आपली माणसं प्रायमरीला जात नाहीत हे वर्षानुवर्षं गृहीत धरलेलं होतं. कोणी दारावर गेलं तेव्हा ती गेली.

तुमच्या काउंटीतले नेते विरोधात आहेत ही उणीव खरी, पण ती किती मोठी हे आता पूर्वीइतकं ठाम सांगता येत नाही. न्यू जर्सीत २१ पैकी १९ काउंटींत पक्षाचा पाठिंबा असलेल्यांची नावं मतपत्रिकेवर एका रांगेत छापली जात. बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं आणि दुसऱ्याच दिवशी खासदार अँडी किम यांनी त्यांच्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. पुढे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी उतरल्या आणि मोठ्या काउंटींचे अध्यक्ष भराभर त्यांच्या मागे गेले. किम यांनी एक गोष्ट हेरली: जिथे पक्षाचा पाठिंबा कोणाला हे अध्यक्ष एकटा ठरवतो तिथे आपण हरणार, पण जिथे गुप्त मतदान आहे तिथे कार्यकर्ते आपले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये मनमथ काउंटीच्या अधिवेशनात ते जिंकले आणि वारं फिरलं. त्यांनी मतपत्रिकेविरुद्ध कोर्टात दावा लावला. २४ मार्चला मर्फी यांनी माघार घेतली, २९ मार्चला न्यायाधीश जाहिद कुरेशी यांनी ती रांगेची पद्धत त्या प्रायमरीसाठी थांबवली. नियम अन्यायाचा असेल तर तोही प्रचाराचा मुद्दा होतो, हे किम यांनी दाखवलं, आणि मला ती लढाई या राज्यातली फार मोलाची वाटते.

आता तुमचं काम. मतदारयादी मिळवा. कोणी कोणाला मत दिलं हे त्यात नसतं, पण कोण कोणत्या प्रायमरीला गेलं हे असतं. मागच्या तीन-चार प्रायमरींना गेलेले, एखाद्या वेळी गेलेले आणि कधीच न गेलेले असे तीन ढीग करा आणि तुमच्या उमेदवाराचे समर्थक कोणत्या ढिगात आहेत ते बघा. सगळे तिसऱ्या ढिगात असतील तर ती उणीव आहे, पण ती वेळीच कळली तर तीच तुमची कामाची यादीही आहे.

घरोघरी गेल्यावर आपण प्रत्येक मतदाराला १ ते ५ असा आकडा देतो: १ म्हणजे पक्का आपला, ३ म्हणजे कुंपणावर, ५ म्हणजे पक्का समोरचा. नवे कार्यकर्ते इथे फार सढळ असतात. एडिसनमधल्या ओक ट्री रोडच्या आसपास एखादे काका दार उघडतात, चहाला बोलावतात, ‘हो हो, चांगला मुलगा आहे, बघू’ म्हणतात आणि फॉर्मवर २ पडतो. तो ३ आहे. ‘मी त्यालाच मत देणार’ हे शब्द तोंडून निघाल्याशिवाय १ लिहायचा नाही, आणि आठवडाभराने दुसऱ्याने फोन करून तोच आकडा पुन्हा तपासायचा. दोन्हीत किती फरक पडतो, त्यावरून तुमच्या बाकीच्या आकड्यांवर किती विसंबायचं ते कळतं. ३ मिळालेल्या माणसाला ‘काय अडतंय?’ असं सरळ विचारा. नाव ऐकलं नव्हतं, माणूस नको, की समोरच्यावर जास्त भरवसा, हे तिथेच नोंदवा. पन्नास-साठ अशी उत्तरं एकत्र वाचली की उमेदवाराचं खरं दुखणं दिसायला लागतं.

सँडर्स यांचं झालं ते याचं होईल का? समर्थक एकाच वयाचे आणि एकाच गावचे राहिले, नेमाने मत देणाऱ्या वयस्कांत मे महिन्यापर्यंत शिरकाव झाला नाही आणि लढत दोघांचीच उरली, तर होईल. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. एक तातडीचं बघा: रिपब्लिकन म्हणून नोंदलेल्या समर्थकांना पक्ष बदलायचा अर्ज प्रायमरीच्या ५५ दिवस आधी द्यावा लागतो. कोणत्याच पक्षात नसलेल्यांना मात्र मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देता येतं, आणि नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मंडळींत असे बरेच आहेत. अनेकांना हे माहीतच नाही, म्हणून ते घरी बसतात. त्यांची यादी या आठवड्यात काढा.